दादरच्या पुलावर काठीचं यंत्र सारखं थरथरतं, गर्दीत नक्की काय वापरायचं?

कोपरी_लोकल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. भावासाठी विचारतेय. तो पूर्ण अंध आहे, उंची १६८ सेंमी, पांढऱ्या काठीचं रीतसर प्रशिक्षण झालंय. घडीच्या काठीवर बसवायची अल्ट्रासॉनिक मूठ घेतली आहे, म्हणजे समोर काही आलं की मूठ थरथरते. गल्लीत, सोसायटीत, बँकेत उत्तम चालते. पण आता रोजचा रस्ता असा: ठाण्याहून मध्य रेल्वेने दादर, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर, तिथून लोअर परळ. वेळ सकाळी साडेआठ ते साडेनऊ.

अडचणी तीन आहेत.

१. पुलावर मूठ एक क्षणही थांबत नाही. सारखीच थरथरत असेल तर त्यातून कळणार काय?
२. कॅमेऱ्याचा चष्मा घ्या असं दोघातिघांनी सुचवलंय. तीस हजारांच्या घरात जातो. गर्दीत त्याचा उपयोग होतो का?
३. फलाटाची कड. याचीच सगळ्यात जास्त धास्ती आहे. कड ओळखणारं काही यंत्र आहे का?

"कुणाला तरी सोबत पाठवा" हा सल्ला नको. रोज ते शक्य नाही आणि त्यालाही ते नको आहे.

---

सर्किट_सदाशिव

पहिल्या प्रश्नाचं उत्तर साध्या भूमितीत आहे.

मुठीतला सेन्सर ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. हा आवाज बॅटरीच्या झोतासारखा पसरत जातो. पसरण्याचा कोन ३० अंश धरला तर १ मीटरवर झोत साधारण ५४ सेंमी रुंद होतो, म्हणजे खांद्यांपेक्षा जरासाच मोठा. १.८ मीटरवर तो ९५ सेंमीच्या वर जातो आणि ३ मीटरवर १ मीटर ६० सेंमी. दादरच्या पुलावर गर्दीच्या वेळी तुमच्या पुढच्या ३ मीटरमध्ये, दीड मीटर रुंदीच्या पट्ट्यात एकही माणूस नाही असं कधी होईल का? यंत्र खोटं बोलत नाही. "समोर कुणीतरी आहे" एवढंच ते सांगतं, आणि पुलावर ते कायमच खरं असतं.

यावर पहिला उपाय पल्ला कमी करण्याचा. अशा बहुतेक मुठींना दोन पल्ले असतात. आयआयटी दिल्लीत तयार होऊन २०१४ साली बाजारात आलेल्या स्मार्टकेनला, उदाहरणार्थ, जवळचा १.८ मीटरचा आणि लांबचा ३ मीटरचा असे दोन आहेत. लांबचा मोकळ्या रस्त्यासाठी, जवळचा घरात किंवा दाटीत. भावाच्या मुठीचं बटण कोणत्या पल्ल्यावर आहे ते आधी बघा. बऱ्याचदा ते लांबच्यावरच राहिलेलं असतं, कारण नवीन यंत्र घेतल्यावर लांबचं कळतंय याचंच कौतुक असतं.

दुसरी गोष्ट मुठीच्या कोनाची. काठी नेहमीसारखी, टोक पुढे टाकून धरली की सेन्सर गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या भागाकडे बघतो, त्याची रचनाच तशी असते. पण गर्दीत आपण टोक पायाजवळ ओढतो आणि काठी उभी करतो. काठी जितकी उभी, तितका सेन्सर खाली झुकतो. मग तो छातीच्या उंचीवरचा हातगाडीचा दांडा सोडून पुढच्याच्या पोटऱ्या मोजत बसतो, आणि पोटऱ्या तर काठीच्या टोकालाही कळतात. त्यातून मूठ मनगटात थोडी फिरली की झोत बाजूला जातो आणि रांगेतला शेजारी "अडथळा" ठरतो.

घरी करून बघायची तपासणी: भावाला रिकाम्या भिंतीसमोर अडीच मीटरवर उभं करा आणि जवळच्या पल्ल्यावर ठेवून सावकाश पुढे चालू द्या. थरथर कुठे सुरू होते तिथे जमिनीवर खडूने खूण करा. पाच वेळा करा. पाचही खुणा वीतभर अंतरात आल्या तर यंत्र आणि पकड दोन्ही ठीक. खुणा इकडेतिकडे पसरल्या तर आधी पकड बघा, यंत्राचा नंबर नंतर.

---

चालनमास्तर

वर सदाशिवरावांनी लिहिलंय ते बरोबर, पण मी एक पाऊल पुढे जातो. ऐन गर्दीच्या पुलावर मूठ बंद करा.

इलेक्ट्रॉनिक मूठ कशासाठी असते? काठीला जे कळत नाही त्यासाठी. काठी जमिनीवरचं सगळं सांगते: पायरी, खड्डा, गटाराची जाळी, पेव्हर ब्लॉकचा उचकटलेला कोपरा. कमरेच्या वरचं तिला कळत नाही. ट्रकचा मागचा फळका, उघडी खिडकी, जिन्याची तिरपी खालची बाजू, झाडाची फांदी, फेरीवाल्याच्या स्टँडवर टांगलेला माल. अशा गोष्टी रस्त्यावर भेटतात, पुलावर क्वचितच. पुलावर समोर असतात ती माणसं, आणि माणसं स्वतःहून सरकतात. मुठीचा खरा उपयोग पूल उतरल्यावर, फेरीवाल्यांच्या पट्ट्यात. तिथे ती चालू करायची.

आता गर्दीतली काठी. मोकळ्या रस्त्यावर आपण दोन-बिंदू पद्धत शिकवतो: डावा पाय पुढे तेव्हा टोक उजवीकडे, उजवा पुढे तेव्हा डावीकडे, कमान खांद्यांपेक्षा दोन्ही बाजूंना दोन बोटं जास्त. गर्दीत ही कमान चालत नाही. कुणाच्या तरी पायात काठी अडकते, तो अडखळतो, काठी वाकते, आणि दोघांची बोलाचाली होते. म्हणून:

पकड बदला. काठी पेन्सिलसारखी धरायची, अंगठा आणि दोन बोटांत, हात छातीच्या खाली अंगाजवळ. टोक पायापासून एक-दीड फूट पुढे. कमान पावलांच्या रुंदीएवढी. टोक उचलायचं नाही, जमिनीला लावूनच सरकवायचं. सततच्या स्पर्शाने वेग कमी होतो हे खरं, पण पुलावर तसाही वेग आपल्या हातात नसतो. फायदा असा की उतरत्या पायरीची कड सुटत नाही. टोक उचलून टेकवताना मधली जागा तपासायची राहते, आणि कड नेमकी तिथेच असू शकते.

टोक कोणतं आहे तेही बघा. नायलॉनचं बारीक पेन्सिल टोक असेल तर सतत सरकवताना ते फरशीच्या सांध्यात आणि अंधांना वाट दाखवणाऱ्या पिवळ्या टाइल्सच्या पट्ट्यांत अडकतं, काठी पोटात खुपसते. फुगीर, मार्शमेलोच्या आकाराचं किंवा फिरणारं टोक लावा. फिरणाऱ्या टोकाला वजन जास्त असतं, मनगट पहिले आठ दिवस दुखेल.

लांबी: १६८ सेंमी उंचीला काठी छातीच्या मधल्या हाडापर्यंत, म्हणजे साधारण ११५ ते १२० सेंमी. गर्दीसाठी आखूड काठी वेगळी घेऊ नका. उभी धरली की तीच पुरते आणि गर्दी सरली की पूर्ण लांबी मिळते.

आणि एक. पूल चढायच्या आधी थांबा. लोकल फलाटावर आली की माणसांचा लोंढा जिन्याकडे धावतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. उतरल्यावर जवळच्या खांबाला किंवा बाकाला पाठ लावून उभं राहायचं, लोंढा जाऊ द्यायचा, मग निघायचं. एवढ्या एका सवयीने धक्काबुक्की निम्म्यावर येते. पुढची गाडी चुकली तरी तीन-चार मिनिटांत दुसरी असतेच.

---

ठिपके_सहा

मी चष्म्याबद्दल आणि फोनबद्दल लिहिते, बाकी मास्तरांनी सांगितलंच आहे.

कॅमेऱ्याचा चष्मा किंवा फोनवरचं एआय, दोन्ही वर्णन करतात. वर्णन करायला वेळ लागतो: फोटो काढायचा, पाठवायचा, उत्तर यायचं, ते बोलून दाखवायचं. नेटवर्क चांगलं असेल तरी चारेक सेकंद धरा. पुलावर सावकाश चाललं तरी चार सेकंदांत दोन मीटर सरकतो, आणि तोवर समोरची सगळी माणसं बदललेली असतात. "तुमच्यासमोर काही लोक चालत आहेत" हे ऐकून काय करायचं? ते तर कानालाच कळतं. शिवाय उत्तर चुकलं तरी आवाज तितकाच ठाम असतो. पायरी कुठे आहे हे एआयला विचारून पाऊल टाकायचं नाही. कधीच नाही.

मग चष्मा निरुपयोगी आहे का? नाही. उभं राहून वाचायच्या गोष्टींसाठी तो छान आहे: दुकानाची पाटी, हॉटेलातलं मेन्यूकार्ड, इमारतीच्या दारातला नावांचा फलक. मेटाचा रे-बॅन चष्मा भारतात २०२५ च्या मे महिन्यात २९,९०० रुपयांपासून आला, तुमचे ते तीस हजार बहुधा हेच. पण फुकट मिळणारी 'सीइंग एआय', 'लुकआउट' आणि 'बी माय आइज' ही तीन ॲप्स फोनवर टाका. महिनाभर वापरून मगच ठरवा की हात मोकळे राहण्यासाठी तीस हजार द्यायचे का. 'बी माय आइज'वर डोळस स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवर येतो, नाहीतर फोटोचं वर्णन एआय करतं. हरवल्यावर, शांत कोपऱ्यात उभं राहून, स्वयंसेवकाला फलाटाचा क्रमांक वाचायला सांगणं हा त्याचा सगळ्यात चांगला वापर.

आयफोनच्या लिडार (प्रकाशाने अंतर मोजणारा सेन्सर) असलेल्या प्रो मॉडेलांमध्ये मॅग्निफायर या भिंगाच्या ॲपमध्येच माणसं ओळखायची सोय आहे, आणि समोरचा किती दूर आहे ते ती सांगते. रांगेत पुढचा सरकला की कळतं, म्हणून तिकीट खिडकीपाशी उपयोगी. पण फोन समोर धरावा लागतो. दादरला सकाळी फोन समोर धरून चालणं म्हणजे चोराला आमंत्रण. वापरायचाच असेल तर गळ्यातल्या पट्ट्यात, कॅमेरा बाहेर करून, आणि पट्टा शर्टाच्या आतून.

जीपीएसवर पुलाच्या आत आणि फलाटाच्या छपराखाली विसंबू नका. मोकळ्या आकाशाखाली पाचेक मीटरची चूक असते. छपराखाली ती इतकी वाढते की मध्य रेल्वेवर उभं असताना नकाशा पश्चिमेला दाखवतो. होकायंत्राचं तर लोखंडी पुलावर काही खरं नाही. जीपीएस लोअर परळला स्टेशनबाहेर पडल्यावर.

कानाबद्दल: कानात बसणारे हेडफोन नकोत, एका कानातही नकोत. गाडी कुठल्या बाजूने येते हे दोन्ही कानांच्या फरकावरून कळतं, एक कान बंद केला की ते गेलं. हाडावरून आवाज नेणारे, कानाच्या पुढे बसणारे मिळतात, ते चालतील. पण फलाटावर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारा फोनमधला आवाज, पूर्ण बंद ठेवायचं. आवाज वाढवायचं आणि कमी करायचं अशी दोन्ही बटणं एकत्र तीन सेकंद दाबली की टॉकबॅक बंद-चालू होतं. हा शॉर्टकट सेटिंगमध्ये आधी चालू करून ठेवावा लागतो, तो घरीच करा.

दादरबद्दल महत्त्वाचं: डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक बदलले. पश्चिमेचे १ ते ७ तसेच, मध्यचे आता ८ ते १४. जुन्या ऑडिओ नोंदींत, जुन्या ब्लॉगवर किंवा नातेवाइकांच्या तोंडी "एक नंबर" म्हणजे मध्यचा धीमा असतो, तो आता आठ आहे. रस्ता पाठ करताना हे आधी दुरुस्त करून घ्या.

---

कोपरी_लोकल

सगळ्यांचे आभार. पल्ला लांबच्यावरच होता! जवळचा केला. भिंतीच्या तपासणीत तीन खुणा एकत्र आल्या, दोन लांब गेल्या. मूठ हातात फिरते आहे असं दिसतंय.

आता दोन उपप्रश्न. सदाशिवदादा, गर्दीतसुद्धा शहाण्यासारखं वागेल असं काही घरी बनवता येईल का? भाऊ इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला आहे, सोल्डरिंगला मदतीला मी आहे. आणि मास्तर, कडेचं राहिलंच.

---

सर्किट_सदाशिव

मूठ फिरण्याचं आधी: पकडीच्या सपाट बाजूवर तर्जनी ठेवायची जागा ठरवा आणि तिथे सायकलच्या ट्यूबचा छोटा तुकडा चिकटवा. बोट रबरावर आहे म्हणजे सेन्सर समोर आहे. पाच रुपयांचं काम.

घरी बनवायचं तर काठीवर नको, छातीवर बनवा. कारण सांगतो.

गर्दीत अंतर मोजून भागत नाही, अंतर *घटतंय* का ते मोजावं लागतं. पुढचा माणूस ८० सेंमीवर असून तुमच्याच वेगाने चालत असेल तर तो अडथळा नाही, तो वाट करून देणारा आहे. तो थांबला की मग अडथळा. म्हणून यंत्राने ८० चे ८० राहिले तर गप्प बसायचं आणि ८० चे ६० झाले की थरथरायचं. काठी सतत डावी-उजवी फिरते, दर झोक्याला सेन्सरसमोर नवीन माणूस येतो आणि अंतर उड्या मारतं. हा हिशोब काठीवर जमतच नाही. छातीवर डबी स्थिर राहते.

सामान: आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड), एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर, ३ व्होल्टची नाण्याएवढी व्हायब्रेशन मोटर, एक एनपीएन ट्रान्झिस्टर, एक डायोड, २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, छोटी पॉवर बँक, गाडीच्या सीटबेल्टसारखा पट्टा. सेन्सरसकट हजार रुपयांच्या आत बसावं, पॉवर बँक धरली नाही तर.

जोडणी सोपी आहे, चुका मात्र ठरलेल्या आहेत:

मोटर थेट आर्डुइनोच्या पिनला जोडतात. पिन तेवढा करंट देऊ शकत नाही, पुढेमागे जळते. ट्रान्झिस्टरमधूनच चालवा, बेसला १ किलोओहम, मोटरला उलटा डायोड. मोटर ३ व्होल्टची आहे, ५ वर थेट लावू नका, पीडब्ल्यूएमने (वीज झपाट्याने चालू-बंद करून जोर कमी करायची पद्धत) ६० टक्क्यांच्या आसपास ठेवा.

मोटर सुरू झाली की ५ व्होल्टची लाइन क्षणभर खाली बसते आणि सेन्सर वेडीवाकडी अंतरं देतो. ती चुकीची अंतरं पुन्हा मोटर चालवतात. एकदा थरथर सुरू झाली की थांबतच नाही, हे बघून लोक प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. कपॅसिटर सेन्सरच्या अगदी पायाशी लावा.

प्रतिध्वनीची वाट बघणाऱ्या पल्सइन या आज्ञेला मुदत दिली नाही तर ती एक सेकंदापर्यंत अडकून बसू शकते. १५,००० मायक्रोसेकंद द्या, म्हणजे अडीच मीटरच्या पलीकडचं ऐकायचंच नाही. दोन मोजमापांमध्ये ६० मिलिसेकंद तरी सोडा, नाहीतर आधीच्या आवाजाचा उशिरा आलेला प्रतिध्वनी पुढच्याच्या खात्यात जमा होतो.

हिशोब: शेवटच्या पाच मोजमापांतलं मधलं घ्या, सरासरी नको. सरासरीत एक चुकीचा आकडा सगळं बिघडवतो. तीनशे मिलिसेकंदांपूर्वीचं मधलं आणि आत्ताचं मधलं यांची वजाबाकी करा. १५ सेंमीपेक्षा जास्त घट म्हणजे अर्धा मीटर प्रतिसेकंद वेगाने जवळ येतंय, छोटी थरथर. अंतर ४० सेंमीच्या आत गेलं की घट असो नसो, मोठी थरथर. इतर वेळी शांत.

आता उणिवा. अल्ट्रासाउंडची लहर ४० किलोहर्ट्झला साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असते. फेरीवाल्याच्या ताडपत्रीची करंगळीएवढी दोरी तिच्या जवळपासच्याच मापाची, त्यामुळे प्रतिध्वनी फार क्षीण येतो. दोरीचा भरवसा नाही. गणपतीच्या मंडपाचा बांबू मात्र व्यवस्थित दिसतो. जाड लोकरीचे, मऊ कपडे आवाज शोषतात. तिरपी काच आवाज भलतीकडे फेकते. आणि शेजारून दुसरं असंच यंत्र जात असेल तर त्याचा आवाज आपला समजला जातो.

अल्ट्रासाउंडऐवजी प्रकाशाने मोजणारे छोटे लेझर सेन्सर मिळतात. त्यांचा झोत लहान, घरात झकास चालतात. मात्र भर उन्हात त्यांचा पल्ला मीटरभराच्याही आत येतो. पुलाच्या छपराखाली चालेल आणि बाहेर रानडे रोडवर आंधळं होईल असं यंत्र नको.

---

चालनमास्तर

सदाशिवरावांच्या डबीला माझी एक हरकत. "इतर वेळी शांत" आणि "बॅटरी संपली म्हणून शांत" यातला फरक चालणाऱ्याला कसा कळणार? दर दहा सेकंदांना एक बारीक टिचकी ठेवा. टिचकी थांबली की डबी मेली असं समजायचं. हे नसेल तर मी कुणालाही ते वापरू देणार नाही.

आता कड. थेट सांगतो: कडेसाठी यंत्र नाही, काठी आहे. सेन्सर खाली झुकवून खड्डा ओळखायचे प्रयोग बरेच होतात. खडबडीत पेव्हरवर जमतंही. पण गुळगुळीत कोटा किंवा ग्रॅनाइटवर तिरपा आवाज पुढे निघून जातो, परतच येत नाही. यंत्राला तो खड्डा वाटतो किंवा काहीच वाटत नाही. फलाटावर "बहुतेक वेळा बरोबर" याला अर्थ नाही.

फलाटावरचे नियम मात्र पक्के:

कडेला समांतर चालायचं नाही, मधून चालायचं. दादरसारख्या ठिकाणी फलाटाच्या दोन्ही अंगांना रूळ असतात. दिशा चुकलेला माणूस एका कडेपासून दूर जातोय असं समजून दुसरीकडे जातो. मधे खांब, स्टॉल, बाकं असतात, त्यांच्या ओळीने चालायचं. खांब डाव्या हाताला घेतला तर पुढचा खांबही डाव्याच हाताला यायला हवा. नाही आला तर थांबायचं, अंदाजाने सरकायचं नाही.

गाडी येताना आवाजाकडे सरकायचं नाही. समोरच्या रुळावर आलेली गाडी आणि पाठीमागच्या रुळावर आलेली गाडी गर्दीच्या गोंगाटात, छपराच्या घुमण्यात एकसारखी वाटते.

सगळ्यात घातक चूक दोन डब्यांमधली फट दार समजण्याची. गाडी थांबलेली असते, हात डब्यावरून सरकवत जाताना पत्रा संपतो, पोकळी लागते, माणूस पाऊल टाकतो. म्हणून हाताला पोकळी लागली तरी आधी काठीचं टोक आत टेकवायचं. खाली डब्याची जमीन लागली, तिचा ठोका ऐकू आला, की मगच पाऊल. जमीन लागली नाही तर ते दार नव्हे. हे रोज, प्रत्येक गाडीला, पाठ असलेल्या स्टेशनवरसुद्धा.

उतरताना उलटं: टोक खाली फलाटावर टेकेपर्यंत दांडा सोडायचा नाही. मुंबईत फलाटांची उंची वाढवून ९०० ते ९२० मिलिमीटरपर्यंत नेली आहे, फट कमी झाली, संपलेली नाही. वळणावरच्या फलाटांवर ती दारागणिक वेगळी असते.

दिव्यांग डबा जिथे थांबतो तिथे मुंबईच्या स्थानकांवर बीपर लावलेले आहेत, सतत बीप-बीप असा आवाज येतो. उत्तम सोय. पण त्याच्या आवाजाकडे चालत जाताना वाटेत काय आहे ते बीपर सांगत नाही. बीपर म्हणजे ठिकाण, रस्ता नव्हे. फलाटाच्या मध्यावरून त्याच्या समोरासमोर यायचं, मगच कडेच्या दिशेला वळायचं, आणि तेही गाडी थांबल्यावर.

---

ओसाका_मराठी

पिवळ्या टाइल्सबद्दल थोडी भर. या मूळच्या जपानच्या. सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये त्या तयार केल्या आणि १८ मार्च १९६७ ला ओकायामा शहरात पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या. लांब पट्ट्या म्हणजे "या दिशेने चला", गोल ठिपके म्हणजे "थांबा, पुढे काहीतरी आहे".

मास्तरांनी दोन्ही अंगांच्या फलाटांचं लिहिलं, तीच अडचण इथेही होती. ठिपके पायाखाली लागले तरी कड डावीकडे की उजवीकडे हे त्यांतून कळत नाही. म्हणून इथे फलाटावरच्या ठिपक्यांच्या टाइलला आतल्या बाजूला एक सलग उंच रेघ जोडलेली असते. रेघ जिकडे, तिकडे सुरक्षित. ठिपक्यांनंतर रेघ लागली नाही तर तुम्ही रुळांकडे चालला आहात. आपल्याकडे फलाटांच्या टाइल्स बदलताना एवढी एक रेघ मागून घेण्यासारखी आहे, संस्थांनी रेल्वेला पत्र लिहिताना हे जरूर घालावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थानकं सुगम करण्याची तरतूद आहेच.

---

ठिपके_सहा

टाइल्स हव्यात, पण दादरला सकाळी त्यांच्यावर पन्नास माणसं उभी असतात हेही खरं. :)

कोपरीताई, पावसाळ्याचं आत्ताच सांगते, नाहीतर जूनमध्ये पुन्हा धागा काढाल. रेनकोटची टोपी कानांवर नको, आवाज बोथट होतात आणि टोपीवर पडणाऱ्या थेंबांचाच आवाज डोक्यात भरतो. बिनटोपीचा रेनकोट आणि डोक्यावर पुढे झडप असलेली कॅप. लोकांच्या छत्र्यांच्या काड्या नेमक्या डोळ्यांच्या उंचीवर येतात, त्यासाठी झडप आणि साधा पारदर्शक गॉगल. मुठीच्या सेन्सरवर पाण्याचा थेंब बसला की ती सारखी थरथरते किंवा मुकी होते. खिशात सुती रुमाल ठेवायचा.

आणि मदत घेताना: लोक काठी धरून ओढतात किंवा दंडाला धरून ढकलतात. भावाने आधीच म्हणायचं, "मी तुमचं कोपर धरतो." कोपराच्या जरा वर धरून अर्धं पाऊल मागे चालायचं. चिंचोळ्या जागी त्या माणसाने हात पाठीमागे न्यायचा, म्हणजे आपण आपोआप त्याच्या मागे येतो. मूठ तेव्हा बंद, नाहीतर मदत करणाऱ्याचीच पाठ मोजत राहील.

---

कोपरी_लोकल

सुरुवात कशी करावी? थेट सोमवारी साडेआठला नको, एवढं कळलं.

---

चालनमास्तर

रविवारी सकाळी सातच्या आसपास. पहिल्या दिवशी फक्त मध्यचा फलाट ते पुलाचा जिना, चार फेऱ्या, मूठ बंद. पायऱ्या मोजायच्या, कठडा कुठे सुरू होतो आणि कुठे तुटतो ते पाठ करायचं, तिकिटाच्या यंत्रांचा आवाज आणि पश्चिमेला फुलबाजाराचा वास कुठे सुरू होतो ते टिपायचं. वास वाऱ्याने सरकतो, म्हणून तो दुय्यम खूण, कठडा मुख्य. दुसऱ्या रविवारी पूर्ण रस्ता दोन्ही दिशांनी. तिसऱ्या आठवड्यात कामाच्या दिवशी दुपारी बारा-एकला, तुम्ही पाच पावलं मागे, बोलायचं नाही, फक्त कडेकडे गेला तर "थांब" एवढा एक शब्द. चौथ्यात सकाळी सव्वासातला. साडेआठ त्यानंतर. मधल्या कुठल्याही टप्प्यावर दोनदा दिशा चुकली तर एक टप्पा मागे.

काठीचं जास्तीचं टोक आणि आतल्या इलॅस्टिकची जास्तीची दोरी बॅगेत असू द्या. सतत सरकवल्याने टोक काही महिन्यांत एका बाजूने झिजतं, आठवड्याला थोडं फिरवत राहायचं. दोरी तुटली की घडीची काठी पुलाच्या मधोमध सुटी होते.

काठी आणि मूठ 'एडिप' या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेतून मिळू शकते का ते एकदा बघा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. महापालिकेच्या दिव्यांग निधीचीही चौकशी ठाण्याला करा, स्थानिक स्वराज्य संस्थांना ५ टक्के रक्कम त्यासाठी राखावी लागते.

---

सर्किट_सदाशिव

मास्तरांची टिचकी प्रोग्रॅममध्ये घातली. दर दहा सेकंदांना एक छोटी. फारच लहान ठेवली तर मोटर फिरायच्या आतच थांबते आणि काहीच जाणवत नाही. टिचकी चालू असताना सेन्सर वाचू नका, त्याआधी किंवा नंतर वाचा.